रक्तगट शोधून नोबेल मिळालं, पण त्यांना आपलं खरं काम वेगळंच वाटायचं. आज तेच नॅनोकण पकडायला कामी येतंय

कोविडच्या काळात घरोघरी झालेली ती टेस्ट आठवतेय? नाकात काडी घालायची, द्रावणाचे थेंब पट्टीवर टाकायचे आणि एक रेघ येते की दोन, याकडे श्वास रोखून बघत बसायचं. त्यातल्या बऱ्याचशा पट्ट्यांवर दिसणारी लाल रेघ म्हणजे सोनं असतं. खरंखुरं सोनं. फक्त त्याचे कण इतके बारीक असतात की ते पिवळे न दिसता लाल दिसतात. या कणांना अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. अँटिबॉडी विषाणूचा तुकडा पकडते आणि सोन्याचा कण आपल्याला रेघ दाखवतो.

म्हणजे इथे शोधायचं काम अँटिबॉडीचं आणि खबर द्यायचं काम नॅनोकणाचं.

आता हेच उलटं करून बघा. आपल्याला नॅनोकणच शोधायचा असेल तर? सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइडचे नॅनोकण असतात, वास येऊ नये म्हणून काही कपड्यांत चांदीचे असतात, बॅटऱ्यांमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या असतात. वापरून, धुऊन, फेकून झालं की यातलं काही ना काही पाण्यात आणि मातीत जाणार. ते नदीच्या पाण्यात आहे का, माणसाच्या रक्तात पोहोचलंय का, हे कसं ओळखायचं?

एक उत्तर असं की त्या कणाला ओळखणारी अँटिबॉडीच बनवायची. पण इथे एक अडचण वाटते. अँटिबॉडी आपलं शरीर बनवतं, जंतूंशी लढायला. कारखान्यात तयार झालेली वस्तू, जी निसर्गात कधी नव्हतीच, तिच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवेल तरी कशी?

बनवतं. आणि हे सगळ्यात ठोसपणे दाखवून दिलं ते एका माणसानं, ज्याला जग वेगळ्याच कामासाठी ओळखतं. तुमच्या लायसन्सवर ‘ओ पॉझिटिव्ह’ किंवा ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असेल, तर ते त्यांच्यामुळेच. त्यांचं नाव कार्ल लँडस्टायनर.

डॉक्टर झाले आणि केमिस्ट्री शिकायला गेले

१४ जून १८६८. ऑस्ट्रियातल्या एका ज्यू कुटुंबात कार्ल यांचा जन्म झाला. वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातले नावाजलेले पत्रकार आणि संपादक. पण कार्ल सहा वर्षांचे असतानाच वडील गेले. आई फॅनी यांनी मुलाला एकटीनं वाढवलं. आईवर त्यांचा इतका जीव होता की १९०८ मध्ये ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा काढून घेतला आणि तो मुखवटा आयुष्यभर आपल्या खोलीच्या भिंतीवर लावून ठेवला.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. आता दवाखाना टाकायचा, पेशंट बघायचे, असा सरळ रस्ता समोर होता. त्यांनी तो धरला नाही. रक्तात नेमकं काय घडतं हे कळायला औषधशास्त्र पुरत नाही, केमिस्ट्री यायला हवी, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. म्हणून पुढची काही वर्षं ते झ्युरिक, वुर्झबर्ग आणि म्युनिकच्या प्रयोगशाळांमध्ये केमिस्ट्री शिकत राहिले. वुर्झबर्गला त्यांचे गुरू होते एमिल फिशर, ज्यांना पुढे केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

ही काही वर्षं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे.

बावीस जणांचं रक्त

व्हिएन्नाला परत आल्यावर त्यांना नोकरी मिळाली ती शवविच्छेदनाच्या विभागात. १८९८ ते १९०८ या दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून जास्त शवविच्छेदनं केली. दिवसा हे काम आणि उरलेल्या वेळात रक्तावरचे प्रयोग.

त्या काळात एका माणसाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगार होता. कधी पेशंट उठून बसायचा, कधी तडफडून मरायचा. असं का होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आजारामुळे रक्तात काही बिघाड होत असेल, असं बरेच जण धरून चालले होते.

लँडस्टायनर यांनी निरोगी माणसांचं रक्त घेतलं. स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं. एकाच्या रक्तातल्या लाल पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त साकळल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात मिसळायच्या आणि बघायचं. काही जोड्यांमध्ये पेशींच्या गुठळ्या व्हायच्या, काहींमध्ये काहीच व्हायचं नाही. १९०१ च्या निबंधात त्यांनी २२ जणांच्या रक्ताचे निकाल मांडले आणि त्यातून तीन गट पाडले. ए, बी आणि सी. या सी गटाला पुढे ओ हे नाव पडलं. चौथा एबी गट १९०२ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांना सापडला.

तुमच्या लक्षात आलं असेल, इथेही काम अँटिबॉडीचंच आहे. ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये बी विरुद्धच्या अँटिबॉडी तयारच असतात. आजही रक्तगट तपासताना टाइलवर थेंब टाकून गुठळी होते का, हेच बघतात.

एवढा मोठा शोध, पण लगेच कोणी डोक्यावर घेतला नाही. १९०७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्ग यांनी रक्त जुळवून मग पेशंटला दिलं, तिथून त्याचा खरा वापर सुरू झाला. आणि याच रक्तगटाच्या कहाणीत पुढे आपल्या मुंबईचंही नाव लागलं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं, ज्याला ओ गटाचंही रक्त चालत नव्हतं. जग त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखतं.

दरम्यान लँडस्टायनर पुढे सरकले होते. १९०८-०९ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासोबत त्यांनी पोलिओनं दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूतून तो आजार माकडांमध्ये नेऊन दाखवला. पोलिओ हा संसर्ग आहे, हे तिथे पक्कं झालं. दुसऱ्या कोणाला एवढ्यावर आयुष्यभर मिरवता आलं असतं. लँडस्टायनर यांच्या डोक्यात मात्र एक जुना प्रश्न घोळत होता.

अँटिबॉडी ओळखते म्हणजे नेमकं काय बघते?

माणूस हत्तीवर बसवला

त्या काळातले सगळ्यात मोठे नाव म्हणजे पॉल एर्लिख. त्यांचं म्हणणं असं होतं की पेशींवर वेगवेगळ्या आकाराचे हात आधीपासूनच असतात, आणि विषाला बसेल असा हात पेशी जास्त प्रमाणात बनवून रक्तात सोडते. कुलूप आणि किल्लीसारखं. पण मग जगात कधी नव्हतीच अशा वस्तूची किल्ली शरीरात कुठून येणार?

लँडस्टायनर यांनी ठरवलं की वाद घालत बसण्यापेक्षा अशी वस्तू शरीराला देऊनच बघू.

अडचण एकच होती. छोटी रसायनं नुसती टोचली तर शरीर सहसा त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवत नाही. ती फारच लहान पडतात. इथे त्यांची केमिस्ट्री कामी आली. कापडाचे रंग बनवायला वापरतात तीच पद्धत वापरून त्यांनी ती छोटी रसायनं मोठ्या प्रथिनाला जोडली. मग ते जोडलेलं प्रथिन सशाला टोचलं.

सोपं करून सांगायचं तर असं. एक किरकोळ माणूस जत्रेतून चालत गेला तर कोणी वळून बघणार नाही. त्यालाच हत्तीवर बसवून मिरवणूक काढा, अख्खं गाव त्याचा चेहरा लक्षात ठेवेल. दुसऱ्या दिवशी तो पायी आला तरी लोक ओळखतील. हत्ती म्हणजे प्रथिन आणि माणूस म्हणजे ते छोटं रसायन.

पण ससा हत्तीला ओळखतोय की माणसाला, हे कसं कळणार? त्यासाठी त्यांनी हत्ती बदलला. टोचताना रसायन घोड्याच्या प्रथिनाला जोडलेलं, तपासताना तेच रसायन कोंबडीच्या प्रथिनाला. तरीही सशाचं सीरम मिसळल्यावर परीक्षानळीत गढूळ साका तळाशी बसला. म्हणजे अँटिबॉडी रसायनालाच ओळखत होती. प्रयोगशाळेत जन्मलेल्या रसायनाला, जे त्या सशाच्या सात पिढ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचा निकाल याहून भारी होता. सहा कार्बनच्या एका कड्यावर एक आम्लगट लावलाय अशी कल्पना करा. तो शेजारच्या जागेवर लावला, एक जागा सोडून लावला किंवा अगदी समोरासमोर लावला, तर तीन वेगळी रसायनं होतात. घटक तेच, वजन तेच, फक्त जागा बदललेली. सशाच्या अँटिबॉडीला यातला फरक कळत होता. पुढे १९२०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी चिंचेत असतं त्या टार्टारिक आम्लाची डावी आणि उजवी रूपं, जी एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, तीही अँटिबॉडी वेगळी ओळखते हे दाखवलं.

हे काम सुरू झालं तेव्हा काळ कोणता होता? १९१७-१८. पहिलं महायुद्ध. व्हिएन्नात खायला अन्न नाही, जाळायला कोळसा नाही. १९१६ मध्ये हेलेन व्लास्तो यांच्याशी लग्न झालेलं, १९१७ मध्ये मुलगा झालेला. प्राध्यापक ही पदवी होती, पण तिच्यासोबत म्हणावा तसा पगार नव्हता. युद्ध हरल्यावर ऑस्ट्रियाचे तुकडे झाले आणि संशोधनाला पैसाच उरला नाही.

पन्नाशी ओलांडलेला, जगाला रक्तगट देणारा माणूस बायको आणि लेकराला घेऊन नेदरलँड्समधल्या हेगला गेला, एका छोट्या कॅथलिक हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदन करायला. घर चालवायला सोबत आणखी एक जोडकाम धरावं लागलं. जागा लहान, मदत तुटपुंजी. तरीही रात्री प्रयोग सुरूच. इथेच १९२१ मध्ये त्यांनी त्या ‘हत्तीवरच्या माणसाला’ नाव दिलं. हॅप्टेन. पकडणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

हात भरलेले असले की

याच काळात त्यांनी एक साधी पण फार उपयोगी गोष्ट दाखवली. अँटिबॉडीमध्ये आधी मोकळं रसायन टाकायचं, प्रथिनाला न जोडलेलं. त्यानं साका तयार होत नाही, पण अँटिबॉडीचे हात मात्र भरून जातात. मग नंतर प्रथिनाला जोडलेलं रसायन टाकलं तरी काही होत नाही, कारण पकडायला हातच मोकळे नाहीत.

आता याचा अर्थ बघा. साका बसला नाही, म्हणजे नमुन्यात ते रसायन आहे! जितका साका कमी, तितकं रसायन जास्त. न दिसणारी वस्तू मोजायची एक युक्तीच हाती आली.

१९५९-६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी याच स्पर्धेच्या तत्त्वावर, किरणोत्सारी खुणेच्या मदतीनं, रक्तातलं इन्सुलिन मोजलं. आज रक्तातले हार्मोन, भाजीवरचं कीटकनाशक, लघवीतले अमली पदार्थ शोधणाऱ्या कित्येक चाचण्यांमागे हेच तत्त्व आहे.

नोबेल आलं, पण कशासाठी?

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधून बोलावणं आलं आणि १९२३ मध्ये कुटुंब अमेरिकेला पोहोचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शवविच्छेदनातून सुटका, पगार आणि नीट प्रयोगशाळा एकत्र मिळाली. वय होतं ५५.

१९३० मध्ये नोबेल जाहीर झालं. रक्तगटांच्या शोधासाठी. म्हणजे जवळपास ३० वर्षांपूर्वीच्या कामासाठी. त्यांना जवळून ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्या स्वतःच्या लेखी रक्तगट हे दुय्यम काम होतं, आणि हॅप्टेन हे खरं. १९३३ मध्ये त्यांनी अँटिबॉडीच्या अचूकतेवर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, १९३६ मध्ये तो इंग्रजीत आला. १९४० मध्ये अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत आरएच फॅक्टर जाहीर केला. तुमच्या रक्तगटापुढचं ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ तिथून आलं.

स्वभावानं ते अबोल, गर्दीपासून लांब राहणारे. पियानो उत्तम वाजवायचे. १९३९ मध्ये निवृत्त झाले ते कागदोपत्री, प्रयोगशाळेत येणं काही सुटलं नाही. २४ जून १९४३ ला कामाच्या टेबलापाशी असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हातात पिपेट होतं. दोन दिवसांनी, २६ जूनला ते गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेलेनही कॅन्सरनं गेल्या. ग्रंथाची सुधारित आवृत्ती त्यांच्या मागे १९४५ मध्ये निघाली.

५५ वर्षांनी, त्याच शहरात

१९८५ मध्ये केमिस्ट्रीत एक नवी वस्तू सापडली. कार्बनच्या ६० अणूंचा, हुबेहूब फुटबॉलसारखा दिसणारा पोकळ चेंडू. नाव फुलरिन, किंवा सी-६०. रुंदी एका नॅनोमीटरच्या आसपास. त्याच्या शोधकर्त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं. नॅनो तंत्रज्ञानाच्या गाजावाजातलं हे एक मोठं नाव.

१९९८ मध्ये न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड अर्लँगर आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की या चेंडूविरुद्ध अँटिबॉडी बनवायची. कशी? चेंडूला गायीच्या एका मोठ्या प्रथिनाला जोडून आणि ते उंदरांना टोचून. तोच हत्ती, तोच माणूस. आणि उंदरांनी अँटिबॉडी बनवल्या. २००० मध्ये त्या अँटिबॉडीची रचना एक्स-रेनं तपासली, तेव्हा तिच्यात चेंडू बसेल असा खळगाच दिसला.

याचा फायदा काय? चांदी किंवा टायटॅनियम असेल तर यंत्रं नमुन्यातला धातू मोजू शकतात. पण कार्बन सगळीकडे आहे. रक्तात, पानात, चिखलात. त्यातला नेमका कारखान्यातला कार्बन वेगळा काढायचा तर त्याचा आकार ओळखणारं काहीतरी हवं. ते काम अँटिबॉडी करू शकते.

पण लँडस्टायनर यांनी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती. अँटिबॉडी डोळस आहे, पण शंभर टक्के नाही. चेहरा बराचसा जुळला तर ती दुसऱ्यालाही पकडते. त्यांच्या प्रयोगात आम्लगटाची जागा बदललेली तिला लगेच कळायची, पण काही बारीकसारीक फरक तिच्या नजरेतून सुटायचे. २००१ मध्ये नेमकं हेच पुन्हा दिसलं. चेंडूसाठी बनवलेली अँटिबॉडी कार्बनच्या नॅनोनळ्यांनाही चिकटली. नळ्या शोधायच्या असतील तर ही चांगली बातमी, पण चेंडू आणि नळी वेगळे ओळखायचे असतील तर डोकेदुखी.

दुसरी अडचण त्यांच्या काळात कोणाला दिसली नव्हती. नॅनोकण रक्तात शिरला की बघता बघता रक्तातली प्रथिनं त्याच्याभोवती चिकटतात. नदीत शिरला की कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातले पदार्थ त्याला लेपटतात. अँटिबॉडीनं प्रयोगशाळेत उघडा चेहरा पाहिलेला असतो आणि प्रत्यक्षात समोर येतो तो तोंडाला रुमाल बांधलेला माणूस. शिवाय अँटिबॉडी स्वतः साधारण १० नॅनोमीटरची. ५० नॅनोमीटरचा कण तिच्यासाठी मोठी भिंत असते, तिला त्यातला छोटासा तुकडाच दिसतो. म्हणून नुसत्या अँटिबॉडीच्या निकालावर विसंबता येत नाही. तिनं पकडलेला कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली किंवा दुसऱ्या पद्धतीनं पडताळून बघावा लागतो.

‘पाण्यात नॅनोकण सापडले’ किंवा ‘सापडले नाहीत’ अशी बातमी पुढे कधी तुमच्या फीडवर आली, तर दोन प्रश्न नक्की विचारा. अँटिबॉडी कशाला बघून बनवली होती? आणि तिच्यासमोर आलेला कण उघडा होता की झाकलेला?

१४ जूनला, लँडस्टायनर यांच्या वाढदिवशी, जगभर रक्तदाता दिन साजरा होतो. ऑस्ट्रियानं त्यांचा फोटो १००० शिलिंगच्या नोटेवर छापला होता. शिबिरांच्या पोस्टरवर रक्तगटाची अक्षरं असतात. हॅप्टेन हा शब्द मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसा कोणाला माहीत नाही, आणि लँडस्टायनर यांना स्वतःला विचारलं असतं तर त्यांनी बहुधा तोच आधी सांगितला असता.